चालत्या घराची वीज

नवागाम, डिंडोली, उधना आणि लिंबायत या सुरतेच्या भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना प्रवास नवा नाही. उद्योगधंद्यानिमित्त खानदेशातून आलेली ही मंडळी सुट्टीत, लग्नसराईत आणि यात्रेच्या दिवसांत नवापूर, साक्री, धुळे, नंदुरबार, अमळनेर, जळगाव अशा आपल्या मुलखाकडे वरचेवर जातात. एके काळी अशा प्रवासात उजेडासाठी कंदील आणि वाऱ्यासाठी खिडकी एवढीच साधने असत. आज मोटारीतच दिवे, पंखा आणि मोबाईल चार्ज करण्याची सोय असते. इतकेच नव्हे, तर जिच्यात झोपण्याची, स्वयंपाकाची आणि दूध-भाजी थंड ठेवण्याची व्यवस्था आहे अशी मोटारही आता आपल्या रस्त्यांवर दिसू लागली आहे. तिला कॅराव्हॅन किंवा मोटरहोम म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा वाहनांतून होणाऱ्या पर्यटनाचे धोरणही आखले. या लेखात आम्ही त्या वाहनाला ‘चालते घर’ असे म्हणणार आहोत.

घर म्हटले की वीज आली. परंतु स्थिर घराला खांबावरून वीज मिळते. चालत्या घराने ती कोठून आणावयाची? याचे उत्तर एक नाही, तीन आहेत. वाहन चालू असता इंजिनावर फिरणारे जनित्र वीज देते. उन्हात उभे असता छतावरील सौरपट्ट वीज देतो. मुक्कामाच्या ठिकाणी भिंतीतील प्लगमधून, किंवा तेथे वीज नसल्यास लहान जनरेटरमधून, वीज घेता येते. या तिन्ही वाटा शेवटी एकाच ठिकाणी येऊन मिळतात आणि ते ठिकाण म्हणजे बॅटरी. तीन वाटांनी वीज मिळते म्हणजे तिप्पट सुख, असे प्रथमदर्शनी वाटते. पण नीट विचार केल्यास असे दिसून येईल की, वाट वाढली की तिच्यावर द्वारपालही वाढवावा लागतो. तो द्वारपाल कोणता व तो काय काम करतो, हे समजावून सांगण्याचा आमचा हेतू आहे.

आपल्या परिचयाच्या एका गोष्टीपासून आरंभ करू. आपल्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते. तिच्यात नगरपालिकेचे पाणी येते, बोअरचे पाणी येते आणि टंचाईच्या दिवसांत टँकरचेही येते. टाकी एकच, वाटा तीन. येथे तीन गोष्टींची काळजी घ्यावी लागते. पहिली ही की, टाकीत चढलेले पाणी पंप थांबताच उलट बोअरमध्ये उतरू नये. त्यासाठी एकाच दिशेने उघडणारी झडप बसवितात. दुसरी ही की, टाकी भरल्यावर पाणी थांबावे. त्यासाठी तरंगत्या चेंडूची तोटी असते. तिसरी ही की, नळाला पेलणार नाही एवढा जोर त्याच्यावर येऊ नये. उलट प्रवाह, अतिभरण आणि अतिप्रवाह या तीन संकटांपासून टाकीचे रक्षण करावे लागते. बॅटरीचेही तंतोतंत तसेच आहे. फरक एवढाच की, टाकी वाहू लागली तर पाणी डोळ्यांना दिसते. बॅटरी बिघडू लागली तर बहुधा फार उशिरा कळते.

आता बॅटरी म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. शिसे आणि गंधकाम्ल यांवर चालणारी, पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लाँते याने १८५९ साली तयार केली. मोटारीत आजही बहुधा तिचाच वंशज असतो. तिच्यात सहा कोठे असतात आणि प्रत्येक कोठ्याचा विद्युद्दाब सुमारे २.१ व्होल्ट असतो. त्यामुळे पूर्ण भरलेली व काही तास विसावलेली बॅटरी १२.७ व्होल्टांच्या आसपास दाखविते. ती १२ व्होल्टांपर्यंत उतरली की तिच्यात फारसे काही उरलेले नाही असे समजावे. तिला भरावयाचे तर तिच्याहून अधिक दाब लावावा लागतो, आणि हा दाब सुमारे १४.४ व्होल्ट असतो. भरणे पुरे झाल्यावर मात्र तो १३.६ च्या आसपास उतरवावा लागतो. उतरविला नाही, तर आतील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन हे वायू निघू लागतात. बॅटरीतील पाणी आटते, पट्ट्या झिजतात. आणि बंद जागेत साठलेल्या हायड्रोजनास ठिणगी लागली तर स्फोटही होतो. म्हणून चालत्या घरात अशी बॅटरी हवेशीर जागीच ठेवावी.

उष्णतेचा विचारही येथे केला पाहिजे. वरील आकडे साधारणपणे २५ अंश तापमानासाठी आहेत. तापमान दर अंशाने वाढले की भरण्याचा दाब सुमारे ०.०२४ व्होल्टने कमी करावा लागतो. आपल्याकडे वैशाखात पारा ४० अंशांवर जातो. म्हणजे १५ अंशांचा फरक झाला. १५ ला ०.०२४ ने गुणले असता ०.३६ येतात, म्हणजे १४.४ च्या जागी सुमारे १४ व्होल्टच पुरेत. ज्या चार्जरला बॅटरीचे तापमान मोजणारी तार जोडलेली असते, तो हा हिशेब आपोआप करतो. हिवाळ्यात उत्तम चालणारी व्यवस्था उन्हाळ्यात बॅटरी का आटविते, याचे उत्तर पुष्कळदा या लहानशा गणितात असते.

‘चालत्या घरात अनेक वाटांची वीज’ हा प्रश्न अगदी नवा आहे असे मात्र कोणी समजू नये. तो रेल्वेच्या डब्याने फार पूर्वी सोडविला आहे. उधना-जळगाव लोहमार्ग आपल्या वस्तीजवळूनच जातो. सुरत ते अमळनेर हा ताप्ती व्हॅली रेल्वेचा मार्ग १९०० सालच्या सुमारास सुरू झाला. त्याच काळात, म्हणजे १८९० च्या दशकात, इंग्लंडमधील स्टोन कंपनीने डब्याच्या आसाला पट्ट्याने जोडलेल्या डायनामोवर दिवे लावण्याची पद्धत प्रचारात आणली होती. गाडी धावली की डायनामो फिरे, दिवे लागत आणि बॅटरी भरे. गाडी स्थानकात थांबली की तीच बॅटरी दिवे चालवी. येथे दोन अडचणी होत्या. गाडी थांबताच बॅटरीची वीज उलट डायनामोत शिरून त्याला फिरविण्याचा यत्न करी, आणि गाडी फार वेगाने धावली तर वीज वाजवीपेक्षा अधिक होई. पहिलीसाठी आपोआप जोडणारी व तोडणारी कळ बसविण्यात आली. दुसरीसाठी केलेली युक्ती मोठी गमतीची आहे: डायनामो असा टांगला जाई की ओढ वाढताच पट्टा घसरू लागे, आणि वेग वाढूनही वीज मर्यादेतच राही.

पुढे भारतीय रेल्वेच्या डब्यांत डायनामो जाऊन त्या जागी प्रत्यावर्ती प्रवाहाचे जनित्र, म्हणजे अल्टरनेटर, आले. साध्या डब्यासाठी ४.५ किलोवॅटचे जनित्र आणि ११० व्होल्टांची बॅटरी अशी जोडणी रूढ झाली. उलट प्रवाह अडविण्याचे काम आता डायोड करतात, दाब मर्यादेत ठेवण्याचे काम नियामक करतो, आणि डबा यार्डात उभा असता बाहेरच्या विजेवरही बॅटरी भरता येते. हलणारे जनित्र, स्थिर वीज आणि मध्ये बॅटरी, अशी ही चालत्या घराचीच रचना होय. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत सर्व डब्यांना इंजिनाकडून किंवा जनित्राच्या स्वतंत्र डब्यातून वीज मिळते. तरी आणीबाणीसाठी बॅटरी लागतेच.

आता मोटारीकडे वळू. चालत्या घरात दोन बॅटऱ्या असाव्यात, हा पहिला नियम. एक इंजिन सुरू करण्यासाठी आणि दुसरी दिवे, पंखा, शीतपेटी यांसाठी. रात्रभर पंखा चालवून सकाळी कोंडाईबारीच्या घाटात इंजिनच सुरू झाले नाही तर प्रवाशांचे काय हाल होतील, याची कल्पना सुरत-धुळे रस्त्याने जाणाऱ्या कोणासही करता येईल. या दोन बॅटऱ्या सदैव एकमेकींस जोडलेल्या असतील तर दोन असून एकच असल्यासारखे होते. एक रिकामी होताना दुसरीसही घेऊन बुडते. म्हणून इंजिन चालू असतानाच त्यांना जोडणारी आणि बंद होताच तोडणारी कळ, म्हणजे रिले, बसविण्याची पद्धत पडली.

ही पद्धत साधी व स्वस्त आहे, पण आजच्या काळात अपुरी पडते. याची दोन कारणे आहेत. नव्या मोटारींत इंधन वाचविण्यासाठी जनित्राचा दाब संगणक कमीजास्त करतो. त्यामुळे दुसऱ्या बॅटरीस कधी पुरेसा दाब मिळतच नाही. दुसरे कारण लिथियम आयर्न फॉस्फेट या नव्या बॅटरीचे आहे. ती वजनाने हलकी आणि आयुष्याने मोठी असल्याने चालत्या घरांत लोकप्रिय झाली आहे. परंतु तिचा अंतर्गत रोध फार अल्प असतो, म्हणून रिकामी असताना ती जनित्राकडून मिळेल तेवढा प्रवाह ओढून घेते. वाहन उभे ठेवून इंजिन मंद चालविले असता जनित्राचा पंखाही मंद फिरतो, वारा कमी आणि भार पूर्ण अशी स्थिती होते, आणि जनित्राची तार जळते. एखाद्या बैलास चढावर पूर्ण ओझे देऊन पाणी न दाखविण्यासारखेच हे आहे.

दुसरा धोका याहूनही सूक्ष्म आहे. लिथियम बॅटरीत तिचे रक्षण करणारे एक यंत्र असते. दाब किंवा तापमान मर्यादेबाहेर गेल्यास ते बॅटरी एकदम तोडते. बॅटरी त्यायोगे वाचते. पण त्या क्षणी जनित्र पूर्ण जोराने वीज देत असते आणि ती घेणारे कोणी उरत नाही. परिणामी दाब एकाएकी उसळतो. तो दडपणारी व्यवस्था नसेल तर १२ व्होल्टांच्या वाहनात हा उसळता दाब क्षणभर ८० ते १०० व्होल्टांपर्यंत जाऊ शकतो. जनित्रातील डायोड आणि वाहनातील इतर नाजूक यंत्रे त्यात निकामी होतात. इंजिन चालू असताना बॅटरीची तार कधीही काढू नये, असे जुने मेकॅनिक सांगत आले आहेत, त्यामागील शास्त्र हेच होय.

या सर्वांवरील आजचा उपाय म्हणजे एकदिश प्रवाहाचा चार्जर. तो जनित्र आणि घराची बॅटरी यांच्यामध्ये बसतो. एका बाजूने जो दाब मिळेल तो घेऊन दुसऱ्या बाजूस बॅटरीच्या जातीस योग्य असाच दाब तो देतो; ठरलेल्या मर्यादेहून, उदाहरणार्थ ३० अँपिअरहून, अधिक प्रवाह ओढू देत नाही; आणि वीज मागे जाऊ देत नाही. टाकीच्या उदाहरणातील झडप, चेंडूची तोटी आणि नळाची मर्यादा हे तिन्ही द्वारपाल या एका पेटीत एकत्र आले आहेत.

सौरपट्टाची वाट वेगळी आहे. बाजारात ‘१२ व्होल्टांचा’ म्हणून मिळणारा पट्ट प्रत्यक्षात काही न जोडता उन्हात ठेवला असता २१-२२ व्होल्ट दाखवितो. तो सरळ बॅटरीस जोडला तर उन्हाच्या दिवसात बॅटरी वाजवीपेक्षा अधिक भरते, आणि रात्री उलट बॅटरीतूनच थोडी वीज पट्टाकडे झिरपते. म्हणून दोहोंमध्ये सौर नियामक अवश्य पाहिजे. तो जोडताना आधी बॅटरी व मग सौरपट्ट, आणि काढताना आधी सौरपट्ट व मग बॅटरी, हा क्रम पाळावा. कारण बॅटरीचा दाब पाहूनच नियामक आपले काम ठरवीत असतो.

येथे चौकस विद्यार्थ्याच्या मनात प्रश्न येईल की, सौर नियामक, जनित्राचा चार्जर आणि भिंतीवरचा चार्जर हे एकाच वेळी एकाच बॅटरीस जोडले तर ते आपापसांत भांडणार नाहीत काय? प्रत्येकाला स्वतःचा द्वारपाल असेल तर भांडण होत नाही. बॅटरी रिकामी असता सर्वांचे प्रवाह एकत्र होतात. बॅटरी भरत आली की ज्याची दाबाची मर्यादा कमी तो आधी थांबतो आणि ज्याची अधिक तो काम पुरे करतो. मात्र दोन गोष्टी पाहाव्या लागतात. सर्व चार्जर एकाच जातीच्या बॅटरीसाठी लावलेले असावेत. शिशाच्या बॅटरीची मात्रा लिथियमला आणि लिथियमची शिशाला चालत नाही. दुसरे असे की, बेरीज करावी. सूर्याचे १५, जनित्राचे ३० आणि भिंतीचे २० मिळून ६५ अँपिअर होतात. १०० अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीस १० ते २० अँपिअर पुरेसे असतात. ६५ तिला तापवितील. लिथियम बॅटरीवर तिची मर्यादा छापलेली असते, ती वाचावी.

तारेचा विचार बहुतेकजण शेवटी करतात. तो आधी केला पाहिजे. समजा, पुढील जनित्रापासून मागील बॅटरीपर्यंत जाण्यायेण्याची मिळून १० मीटर तांब्याची तार आहे आणि तिचा छेद ४ चौरस मिलिमीटर आहे. तिचा रोध सुमारे ०.०४४ ओहम होतो. ३० अँपिअर वाहिले तर ओहमच्या नियमाने तिच्यात सुमारे १.३ व्होल्ट खर्च होतात. जनित्राने १४.४ दिले तरी बॅटरीपाशी १३.१ च पोहोचतात आणि ती फार सावकाश भरते. शिवाय सुमारे ३९ वॅट उष्णता त्या तारेतच निर्माण होते. छेद १६ चौरस मिलिमीटर केला की हीच हानी एक चतुर्थांशावर येते. नवव्या-दहाव्या इयत्तेत शिकलेले सूत्र किती उपयोगी आहे, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

आणि तार कितीही जाड असली तरी फ्यूज हवाच. तार घासून उघडी पडली आणि वाहनाच्या पत्र्यास लागली, तर बॅटरी क्षणात शेकडो, प्रसंगी हजारो अँपिअर सोडते व आग लागते. फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो. म्हणून तो तारेच्या शक्तीपेक्षा कमी आकड्याचा आणि बॅटरीच्या शक्य तितका जवळ असावा. जी तार दोन बॅटऱ्यांना जोडते तिच्या दोन्ही टोकांस फ्यूज लागतो, कारण वीज दोन्हीकडून येऊ शकते. फ्यूज उडाल्यावर त्या जागी साधी तार गुंडाळणे म्हणजे पहारेकऱ्यास घरी पाठवून दार उघडे टाकणे होय.

आतापर्यंत बॅटरीच्या रक्षणाचा विचार झाला. २३० व्होल्टांच्या विजेपाशी आलो की प्रश्न माणसाच्या प्राणांचा होतो. चालते घर रबरी चाकांवर उभे असते, म्हणून ते जमिनीपासून विलग असते. आत कोठे तारेचे आवरण फाटून पत्र्यास वीज लागली, तर आत बसलेल्यास काहीच कळत नाही; पण जमिनीवर अनवाणी उभे राहून दाराची मूठ धरणाऱ्यास जबर धक्का बसतो. यासाठी बाहेरून वीज घेताना भूयोजनाची, म्हणजे अर्थिंगची, तिसरी तार खरोखर जोडलेली असावी आणि ३० मिलिअँपिअर गळतीवर वीज तोडणारे यंत्र बसविलेले असावे. दोन पिनांचा प्लग खुपसून काम भागविणे येथे जिवावर बेतू शकते.

दुसरा नियम असा की, बॅटरीच्या विजेपासून २३० व्होल्ट करणारा इन्व्हर्टर, जनरेटर आणि भिंतीची वीज यांची तोंडे कधीही एकमेकांस जोडू नयेत. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या दोन उगमांच्या लाटा जुळलेल्या नसल्या तर ते एकमेकांवर आदळतात आणि यंत्रे जळतात. एका वेळी एकच उगम जोडला जाईल अशी चेंजओव्हर कळ मध्ये हवी. भिंतीवरचा चार्जर चुकूनही इन्व्हर्टरवर लावू नये. तसे केल्यास बॅटरी स्वतःलाच भरू पाहते आणि वाटेत होणाऱ्या हानीमुळे रिकामी होते.

चालते घर आपल्यापैकी थोड्यांच्याच वाट्यास येईल. पण हे नियम नवागामच्या स्थिर घरासही लागू आहेत. गणेशोत्सवात मांडवाला कंपनीची वीज आणि जनरेटर अशा दोन वाटा असतात. चेंजओव्हर कळ न लावता जनरेटर सरळ घराच्या किंवा मांडवाच्या जोडणीत घातला, तर त्याची वीज बाहेरच्या तारांत शिरते. तेथील रोहित्र ११,००० व्होल्टांचे कमी दाबात रूपांतर करण्यासाठी असते; उलट दिशेने वीज गेली की तेच २३० चे पुन्हा हजारो व्होल्ट करते. वीज गेली आहे अशा समजुतीने दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या कामगाराचा त्यात बळी जाऊ शकतो. गच्चीवर सौरपट्ट असूनही कंपनीची वीज जाताच घरातील दिवे का मालवतात, असे पुष्कळजण विचारतात. त्याचे कारणही हेच आहे: बाहेरच्या तारांशी जोडलेला सौर इन्व्हर्टर त्या कामगाराच्या रक्षणासाठी स्वतःला बंद करून घेतो. तो बिघडलेला नसतो. आपले कर्तव्य करीत असतो.

तेव्हा घरी किंवा वाहनात विजेची नवी वाट जोडताना कारागिरास आपण चार प्रश्न विचारावेत. या वाटेने वीज मागे जाणार नाही याची सोय कोणती? बॅटरी भरल्यावर हिला कोण थांबविणार? तार आणि फ्यूज कोणत्या हिशेबाने निवडले? आणि हिचा धक्का घरातल्या अथवा बाहेरच्या कोणा माणसास बसणार नाही याची खात्री काय? या चारांची समाधानकारक उत्तरे मिळाली की मगच कळ दाबावी.